शिलकीचा दिवस

पृथ्वीच्या एका सूर्यप्रदक्षिणेस ३६५ दिवस आणि सुमारे पावणेसहा तास लागतात. हे वरचे तास कोणत्याच वर्षाच्या खात्यावर मांडले जात नाहीत. चौथ्या वर्षी त्यांचा मिळून २९ फेब्रुवारी होतो. आपल्या पंचांगातील अधिक मासही अशाच हिशेबाचे अपत्य. पण त्याच्या वाट्यास अनारसे तरी येतात. या बिचाऱ्या दिवसाला ना सण, ना सुट्टी. मासिक वेतनावर जगणाऱ्या प्राध्यापकास तर त्याचा वेगळा पैसाही मिळत नाही!

ज्याचे मोल कोणी दिले नाही, तो दिवस मग माझाच नव्हे काय? २०२४ साली तो गुरुवारी आला. मी किरकोळ रजा घेतली आणि पत्नीसमवेत मोड आलेले वाल सोलीत बसलो. त्या कामास तासभर लागला. तेवढ्यात तिच्या माहेरच्या विहिरीची सबंध हकीकत ऐकून झाली. दुपारी बिरडे, मग झोप, चार वाजता आल्याचा चहा.

पन्नाशी ओलांडलेल्या मनुष्याने पुढचे असे दिवस मोजू लागावे, तर हाताची बोटे पुरून उरतात. परंतु ते पावणेसहा तास प्रत्येक वर्षात असतातच. त्यांसाठी २०२८ ची वाट कशाला पाहावी? वाल तर बाजारात बारमास मिळतात.