नानांनी कॉम्प्युटरला श्वास दिला

सुरतेतल्या आपल्या माणसांच्या आठवणी सगळे लिहितायत, म्हणून ही आमच्या लिंबायतच्या घरची.

खानदेशातून तापी लाईनच्या गाडीनं आलेली आपली बहुतेक घरं लूमवर उभी राहिली. आमचे नानाही लूमवरच. पण २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईचं पाणी सुटलं आणि सुरत बुडाली, तेव्हा ते काम करायचे तो कारखाना बंद पडला तो पडलाच. पन्नाशी उलटलेल्या कारागिराला नवीन काम कोण देणार? नाना घरात बसले, आणि बोलणंच कमी झालं त्यांचं.

मी तेव्हा एम्ब्रॉयडरीचं पंचिंग शिकले होते. म्हणजे साडीवरच्या नक्षीचा टाका न् टाका कॉम्प्युटरवर बसवायचा, फ्लॉपीत भरायचा आणि मशीनवाल्याला द्यायचा. आईनं पाटल्या गहाण ठेवल्या आणि पेंटियम फोरचा जुना कॉम्प्युटर घरात आला. "पोरीच्या जातीला कशाला एवढा खर्च," असं गल्लीत बोललं गेलंच. पण धाकट्याची फी आणि घराचं भाडं त्या डब्यावरच चालायचं.

मग २००७ चा मे आला. वर पत्रे, खोलीत भट्टी. दुपारी डिझाईन अर्ध्यावर आलं की कॉम्प्युटर आधी रेंगाळायचा, मग खटकन बंद. तीन दिवसांत दोन ऑर्डरी उशिरा गेल्या. व्यापारी म्हणाला, "बेन, पुढच्या वेळी दुसरीकडे देईन." दुरुस्तीवाल्यानं नवा कॅबिनेट आणि मोठा पंखा मिळून २८०० रुपये सांगितले. कुठून आणणार?

शेजारचे म्हणाले, झाकण काढून टेबलफॅन लाव. पण आमच्या गल्लीत धाग्यांची लव हवेतच तरंगते. उघडा ठेवला असता तर महिन्याभरात आत गादी झाली असती.

नाना इतके दिवस बाजूला बसून बघत होते. त्या दिवशी उठले, कॅबिनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "याना जीव घुसमटस रे, भाऊ." मला ते लहानपणापासून भाऊच म्हणायचे. मग विचारलं, "हवा येते कुठून, जाते कुठून?"

झाकण काढून दाखवलं. प्रोसेसरवर ॲल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा असतो. प्रोसेसरची उष्णता तो घेतो आणि वरचा पंखा ती उडवतो. पण पंखा हवा घेतो ती कॅबिनेटच्या आतलीच, आधीच तापलेली. आणि पात्यांच्या फटीत लव अशी दाबून बसलेली की जणू नमदाच. नाना म्हणाले, "कारखान्यात एका भिंतीला एक्झॉस्ट असतो, समोरची खिडकी उघडी लागते. खिडकी बंद केली तर एक्झॉस्ट नुसता बोंबलतो."

मग दोन दिवस बापलेकीचं काम चाललं. रंगाच्या जुन्या ब्रशनं लव काढली. वाळून खडखडीत झालेली पेस्ट पुसून नवी लावली, अगदी पातळ. बाजूचा पत्रा सोडवून पत्र्याचं काम करणाऱ्याकडे नेला आणि प्रोसेसरच्या बरोबर समोर भोक पाडून आणलं. पत्रा बाहेर नेऊनच कापला, कारण लोखंडाचा कीस मदरबोर्डवर पडला तर खेळ खलास. बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची नळी करून भोकापासून पंख्यापर्यंत आणली, पंख्याला टेकू न देता. बाहेरून मच्छरदाणीचा तुकडा. मागच्या बाजूला भंगारातल्या पॉवर सप्लायचा ८० मिलिमीटरचा पंखा, हवा बाहेर फेकणारा. त्याला १२ व्होल्टची पिवळी वायर आणि एक काळी. सगळा खर्च दोनशेच्या आत.

बायोसमध्ये तापमान दिसायचं. आधी ७८ अंश असायचं ते ६४ वर आलं. नानांना आकड्याचं काही नव्हतं, ते पुन्हा पुन्हा मागे हात धरून बाहेर येणारी गरम हवा बघायचे. "गयी ना बाहेर," म्हणायचे आणि हसायचे. पुरानंतर पहिल्यांदा हसताना बघितलं मी त्यांना.

पुढे वाचण्यात आलं की पेंटियम फोरच्या काळात इंटेलनंही कॅबिनेट बनवणाऱ्यांना हेच सुचवलं होतं: बाजूच्या पत्र्याला भोक, आत नळी, आणि खोली ३५ अंशांवर असली तरी पंख्यापाशी येणारी हवा ३८ च्या आत. लूमवर आयुष्य गेलेल्या माणसाला ते खिडकी आणि एक्झॉस्टवरून कळलं होतं!

दर रविवारी मच्छरदाणीचा तुकडा धुवायचं काम नानांनी स्वतःकडे घेतलं. मग गल्लीतली दुसरी पोरंही आपापले डबे घेऊन यायला लागली. नाना पैसे घ्यायचे नाहीत, चहा घ्यायचे. "मास्तर" म्हणायला लागले त्यांना सगळे. त्या दिवाळीला पाटल्या सुटल्या.

आज नाना नाहीत. माझ्याकडे आता चांगला लॅपटॉप आहे, पण उन्हाळ्यात तो तापला की मी आधी बघते ते हेच: हवा येते कुठून, जाते कुठून.

तुमच्याही घरात असे कुणी मास्तर असतील, तर लिहा बरं का.