पैले सेल्फ देख

मागच्या थंडीत एका शनिवारी रात्री मी माझ्याच हातानं माझा कॉम्प्युटर बंद पाडला. दुसऱ्या कोणी पाडला असता तर निदान रागवायला तरी कोणी मिळालं असतं.

या मशीनमध्ये दोन बिऱ्हाडं आहेत, विंडोज आणि उबुंटू. विंडोज ठेवलंय ते फक्त इनपेजसाठी. मोहल्ल्यातल्या लग्नपत्रिका, मशिदीचं रमजानचं वेळापत्रक, असा उर्दू मजकूर लागला की लोक माझ्याकडे येतात. बाकीचं सगळं मराठी लेखन उबुंटूत. त्या रात्री विंडोजच्या सी ड्राइव्हची जागा संपत आली, म्हणून मी शेजारचा रिकामा ई ड्राइव्ह उडवला. रिकामाच तर होता! मशीन पुन्हा चालू केलं तर काळ्या पडद्यावर दोनच ओळी. पहिली, 'नो सच पार्टिशन'. दुसरी, 'ग्रब रेस्क्यू', आणि तिच्यापुढे लुकलुकणारा कर्सर. विंडोज नाही, उबुंटू नाही.

पत्रिकांचं काही नाही, त्या पुन्हा करता येतात. पण उबुंटूत अब्बांच्या एकवीस फाइली होत्या. अब्बा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. दीड वर्षापासून फजरच्या नमाजनंतर ते सांगतात आणि मी लिहून घेतो. १९७२च्या दुष्काळात त्यांनी फोडलेली खडी, कामावर मिळणारी सुकडी, पुढच्या वर्षी हेल्पर म्हणून डेपोत लागणं, रात्रपाळीत सोबत डबा खाणारी माणसं. ते दखनीत बोलतात, मी मराठीत उतरवतो. मागच्या वर्षी त्यांनी जी नावं सहज सांगितली, ती यंदा विचारली तर कधी कधी थांबतात, कपाळाला हात लावतात. म्हणजे "पुन्हा सांगा" असं म्हणायची सोय राहिलेली नाही. आणि मी दुसरी प्रत काढलेली नव्हती. कॉम्प्युटरमधलं कळणारा माणूस म्हणून मोहल्ल्यात माझी ओळख आहे, हे इथे मुद्दाम सांगतो.

रविवारी सकाळी एका दुरुस्तीवाल्याला फोन केला. मशीन न बघताच तो म्हणाला, "फॉरमॅट मारावं लागेल. पाचशे रुपये." डेटाचं विचारलं तर म्हणाला, "डेटा जाईल ना सर."

चहा घेताना अब्बांनी माझा चेहरा ओळखला. "क्या हुआ रे?"

"कम्प्युटर चालू नै होरा, अब्बा." फाइलींचं बोललो नाही.

"सेल्फ देख्या क्या पैले?" ते म्हणाले. मग मराठीत आले, डेपोतलं काही सांगायचं असलं की ते मराठीतच येतात. "ड्रायव्हर यायचा, इंजिन गेलं म्हणायचा. दहातल्या आठ गाड्यांत इंजिनाला काही झालेलं नसायचं. सेल्फ गेलेला असायचा, नाहीतर बॅटरीची वायर ढिली. इंजिन खोलायची घाई करू नये."

मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण रात्रभर माझ्या डोक्यात ते आलं नव्हतं.

माझ्यासारख्या जुन्या मशीनमध्ये डिस्कच्या अगदी सुरुवातीला ५१२ बाइटांची एक जागा असते. त्यातले पहिले ४४६ बाइट बूट लोडरच्या वाट्याला, त्यानंतरच्या ६४ बाइटांत डिस्कच्या वाटण्यांचा तक्ता. एवढ्याशा जागेत काय मावणार? म्हणून ग्रब हा बूट लोडर आपला एक तुकडा तिथे ठेवतो, दुसरा त्याला लागून असलेल्या मोकळ्या पट्टीत, आणि बाकीचं सामान उबुंटूच्या फोल्डरात. दुसऱ्या तुकड्याला फक्त पत्ता माहीत असतो, बाकी सामान अमुक नंबरच्या वाटणीत आहे. माझ्याकडे तो नंबर ६ होता. ई ड्राइव्ह होता ५ नंबर. पाचच्या पुढच्या या पोटवाटण्यांचे नंबर ओळीनं लागतात, त्यामुळे ५ काढल्यावर ६चा झाला ५. उबुंटू जागचा हललाही नव्हता. आमच्या खालांचं घर जिथे होतं तिथेच आहे, पत्त्यात मात्र औरंगाबादऐवजी छत्रपती संभाजीनगर लिहावं लागतं, तसंच काहीसं. फरक एवढाच की पोस्टमन दोन्ही पत्ते ओळखतो, ग्रबला ते जमत नाही.

मग खुर्ची ओढून बसलो. त्या रेस्क्यूच्या ओळीवर फार थोडे हुकूम चालतात, पण 'एलएस' चालतो. (हे सगळं टंकायचं रोमी लिपीत, छोट्या अक्षरांत.) एलएस दिल्यावर वाटण्यांची यादी आली. त्यात १ होता, २ होता, ५ होता. दोनमध्ये डोकावलो तर 'अननोन फाइलसिस्टम', म्हणजे ते विंडोज, ग्रबच्या या तुकड्याला ते वाचता येत नाही. पाचमध्ये डोकावलो तर बूट, ईटीसी, होम अशी ओळखीची नावं. होमच्या आत माझं नाव, त्याच्या आत अब्बा नावाचा फोल्डर, आणि त्यात एक ते एकवीस.

मी तसाच काही वेळ बसून राहिलो. अजून काहीही दुरुस्त झालेलं नव्हतं.

पुढचं काम चार ओळींचं. 'सेट रूट'नं सांगितलं, वाटणी पाच नंबरची. 'सेट प्रीफिक्स'नं सांगितलं, तुझं सामान त्याच वाटणीत बूट फोल्डरातल्या ग्रबमध्ये आहे. 'इन्समॉड नॉर्मल', आणि मग नुसतं 'नॉर्मल'. पहिल्या वेळी एक तिरपी रेघ विसरलो आणि चूक दाखवली गेली. दुसऱ्या वेळी जांभळा पडदा आला, त्यावर उबुंटू आणि विंडोज दोघांची नावं.

अब्बांना हाक मारली. त्यांनी पडदा पाहिला. "धक्का मारून चालू केलीस. बंद केलीस तर पुन्हा धक्का."

अगदी तसंच असतं. त्या चार ओळी कुठेही लिहून ठेवल्या जात नाहीत, पुढच्या वेळी पुन्हा काळा पडदा. म्हणून उबुंटूत शिरल्यावर टर्मिनल उघडून 'ग्रब-इन्स्टॉल' हा हुकूम द्यावा लागतो, तोही पूर्ण डिस्कच्या नावावर, एसडीए. त्यापुढे वाटणीचा नंबर लावायचा नाही. यानं नवा पत्ता जागेवर लिहिला जातो. त्यानंतर 'अपडेट-ग्रब'. त्यात विंडोज सापडल्याची ओळ दिसली तेव्हा मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, दोनदा.

कोणावर ही वेळ आली तर दोन गोष्टी. विंडोजच्या डिस्कवरून बूटची जागा दुरुस्त करा, असा सल्ला सर्रास मिळतो. त्यानं विंडोज सुरू होईल, पण उबुंटूचं दार दिसेनासं होईल. आणि मशीन अलीकडचं असेल तर ते बहुधा यूईएफआयचं असतं. तिथे बूट लोडर एका वेगळ्या छोट्या वाटणीत असतो, त्यामुळे आधी सेटअपमध्ये जाऊन बूटचा क्रम बदललाय का ते पाहावं, कधी कधी तेवढ्यानं भागतं. हात चालत नसेल तर उबुंटूचा पेन ड्राइव्ह लावून त्यावरून मशीन चालू करा आणि आधी फाइली बाहेर काढा. फॉरमॅट कुठे पळून जात नाही.

त्याच दुपारी दोन पेन ड्राइव्ह आणले, दोन्हींत एकवीस फाइली टाकल्या. एक बहिणीकडे पाठवला. दुसरा अब्बांच्या हातात दिला आणि त्यात काय आहे, काय होता होता राहिलं, ते सांगून टाकलं. रागावले नाहीत. पेन ड्राइव्ह उलटसुलट करून पाहिला, उठले, आणि कपाटातल्या फिलर गेजच्या डबीत ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर बसलो तेव्हा म्हणाले, "वो रातपाली का वेल्डर, उसका नाम लिख्या ना तू? कल से याद नै आरा."

नऊ नंबरच्या फाइलीत होतं. वाचून दाखवलं.