वाजवून घेतलेले
बेगम बाजारात पितळी भांडे घ्यावयाचे तर ते वाजवून, उलटेपालटे करून पाहावयाचे, ही आमच्या सासूबाईंची रीत. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चे नेहमीचे साहाय्य संपले, तेव्हा जुना संगणक भंगारात न घालता आम्ही त्यावर लिनक्स बसविले. 1991 साली लायनस टोरवाल्ड्स यांनी आरंभिलेल्या या प्रणालीची घडण कोणासही उघडून पाहता येते. सासूबाईंना हे पटले. वर्गणीच्या एका सेवेतून त्यांचा आवडता चित्रपट एकाएकी नाहीसा झाल्याचे शल्य होतेच. मग संगणकात उतरविलेल्या घरच्या चित्रफिती जेलीफिनच्या द्वारे टीव्हीवर आणल्या. कैलासवासी मामंजींचा आवाज घरात उमटला.

"हे आता कोणी काढून नेणार नाही ना?" सासूबाईंनी विचारले.

"नाही, मात्र जपणूक आपलीच."

त्याच रात्री आम्ही दुसरी प्रत काढून ठेवली.