तुटलेली तार

सोलापुरात यंत्रमागांच्या खडखडाटात आमचे बालपण गेले. आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबे. तेव्हा तुटले की थांबावे हाच यंत्राचा धर्म, अशी आमची समजूत झाली होती.

कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईस कांदिवलीतील गच्चीवर बांधलेले विमान २०१६ साली प्रदर्शनात आले. त्याचे १८० किलोंचे इंजिन अरुंद जिन्याने वर नेले होते, हे वाचून त्या ओझ्यापेक्षा विमानातील तारांविषयीच आम्हांस अधिक कुतूहल वाटले. आणि चौकशीअंती आमची समजूत पार उलटी ठरली. लहान विमानांच्या इंजिनांत ठिणगी पाडणारे मॅग्नेटो बहुधा दोन असतात व ते बॅटरीवाचून चालतात. ते बंद करावयाचे तर तारेने इंजिनाच्या धातूस जोडावे लागतात. ती तार तुटली तर मॅग्नेटो चालूच राहतो.

माग कापड वाचविण्यासाठी थांबतो. हे इंजिन माणसे वाचविण्यासाठी थांबत नाही. परंतु आकाशात तारणारी हीच योजना जमिनीवर पंख्यास हात लावणाऱ्याचा प्राण घेऊ शकते. म्हणून बटण बंद दिसले, तरी पंखा जिवंतच मानावा.