उडायला कारण हवं

आज संध्याकाळी पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, आरशावर टॉवेल टाकला आणि पिंजऱ्याचं दार उघडलं. माझा कॉकॅटील पोपट तुरा ताठ करून दारातच बसून राहिला. असे बसून राहणारे पोपट घरोघरी दिसतात आणि लोक कौतुकाने म्हणतात, किती शहाणा आहे! मला ते ऐकवत नाही. कॉकॅटील मूळचा ऑस्ट्रेलियाचा, पाण्याच्या आणि बियांच्या शोधात थव्याने दूरदूर भटकणारा. समोर सूर्यफुलाच्या बियांची वाटी भरून ठेवली, की त्याला उडायला कारणच उरत नाही. मग चरबी वाढते, यकृत बिघडतं.

म्हणून मी खाणंच लपवते. राळ्याचं कणीस उंच टांगते, कोथिंबिरीच्या ओल्या काड्या जाळीत खोचते, थोडे दाणे कोऱ्या कागदाच्या पुड्यांत बांधते. पुडी फाडताना चोच, मान, पाय सगळं कामाला लागतं. मग उडण्याचा सराव: माझ्या बोटावरून खुर्चीच्या पाठीवर आणि परत बोटावर. अंतर हळूहळू वाढवायचं. चोच उघडून धापा टाकू लागला, की तिथेच थांबायचं. घाबरवून उडवणं मला क्रूर वाटतं, पंख छाटणं त्याहूनही. आणि एरवी खेळणारा पक्षी अचानक पिसं फुलवून गप्प बसला, तर व्यायाम राहू द्यावा, आधी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्यावं.



आज त्याने खोलीला पूर्ण फेरी मारली. उद्या कणीस पडद्याच्या दांडीवर बांधणार आहे.