गुरुजी, दार उघडा

आदरणीय गुरुजी,


हे पत्र चारचौघांत लिहितोय, म्हणून तुमचं नाव-गाव त्यात घालत नाही. सेलू, आर्वी, देवळी, हिंगणघाट, आपल्या वर्धा जिल्ह्यात ज्या घरात फसवणुकीचा फोन वाजला, तिथल्या प्रत्येक ज्येष्ठाला हे पत्र आपल्यालाच आलंय असं वाटावं, एवढीच इच्छा.

मागच्या महिन्यात आलो तेव्हा काकूंनी दार अर्धंच उघडलं. "त्यायले बरं नाही," म्हणाल्या. मग ओसरीवर बसून हलक्या आवाजात त्यांनी सगळं सांगितलं. दोन दिवस मोबाईल देवघरातल्या पितळी गडूला टेकवलेला, कॅमेरा सुरू. पडद्यावर वर्दीतला माणूस. तुमच्या आधारवर कुणी सिम घेतलंय, त्यातून काळा पैसा फिरलाय, तुम्ही 'डिजिटल अरेस्ट'मध्ये आहात, कुणाजवळ एक शब्द काढलात तर मुलालाही उचलू. लघवीला जाण्यासाठीही तुम्ही त्याची परवानगी मागत होता. तिसऱ्या दिवशी एफडी मोडायला बँकेत गेलात. खिडकीतल्या मुलीनं विचारलं, "एवढे पैसे एकदम कशाला, आजोबा?" तुम्ही म्हणालात, "नातवाच्या अॅडमिशनला." हे उत्तरही त्या चोरांनीच पढवलेलं.

पैसे गेले याचं वाईट वाटलंच. पण मला झोप लागू दिली नाही ती त्या उत्तरानं. चौथीत असताना वही हरवल्याची थाप मी मारली, तेव्हा तुम्ही छडी उचलली नव्हती. जवळ बसवून म्हणाला होतात, "चुकलं ते सांग, मग दोघं मिळून दुरुस्त करू." अशा माणसाच्या तोंडी चोरांनी खोटं घातलं. काकूंचं दुःखही पैशांचं नव्हतं. त्या एवढंच म्हणत राहिल्या, "एकाच घरात होतो आम्ही. काहून नाही सांगितलं मले?"

गुरुजी, तुम्हाला वाटतं, आपण मूर्ख ठरलो. नाही. वर्धमान उद्योगसमूहाचे एस. पी. ओसवाल २०२४ मध्ये ८२ वर्षांचे होते. आयुष्यभर कोट्यवधींचे व्यवहार केलेल्या या माणसाला भामट्यांनी सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी दाखवली, सरन्यायाधीशांचं सोंग आणलं आणि ७ कोटी रुपये काढून घेतले. मुंबईतल्या ८६ वर्षांच्या एका आजींचे २० कोटींहून अधिक रुपये असेच गेले. हे शिक्षणाअभावी घडत नाही. सरकारी शिक्क्याचा मान राखणं, वर्दीसमोर खरं बोलणं, पोरांना आपला त्रास होऊ न देणं, या तुमच्या पिढीच्या चांगल्या सवयी. चोरांनी नेमक्या त्याच हेरल्या. समोरचा आवाज एकट्या भुरट्याचा नसतो. कंबोडिया-म्यानमारमध्ये अशा फसवणुकीचे कारखानेच चालतात आणि नोकरीच्या आमिषानं नेलेल्या तरुणांना तिथं डांबून हेच काम करायला लावतात.

पण या सगळ्या सोंगाचा खांब एकच आहे: "कुणाला सांगू नका." तो पडला की मांडव कोसळतो. आपला कायदा बरोबर याच्या उलट सांगतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८ प्रमाणे कुणाला अटक केली, तर ती त्याच्या नातेवाइकाला किंवा मित्राला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. संविधानाचं कलम २२ म्हणतं, २४ तासांच्या आत त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करा. 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्ट कायद्यात नाहीच. खरी अटक घरच्यांना कळवावी लागते. घरच्यांपासून लपवायला सांगतो, तो चोर.

भिऊ नये, हे तुम्हीच शिकवलं होतं. तुम्ही आमची सहल सेवाग्रामला नेली होती. बापूंच्या दफ्तरातला तो जुना टेलिफोन दाखवला होता. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना गांधीजींशी बोलता यावं म्हणून इंग्रज सरकारनं बसवलेला. म्हणाला होतात, "बघा रे, या फोनवर प्रत्यक्ष सरकार बोलायचं, पण म्हातारा भ्याला नाही." बापूंच्या एकादश व्रतांतलं 'अभय' आम्हाला तेव्हा कळलं. त्याच बापूंना गुप्तता मुळीच रुचत नसे. १९४४ मध्ये कैदेतून सुटका झाल्यावर त्यांनी भूमिगत कार्यकर्त्यांनाही उघडपणे पुढं यायला सांगितलं होतं. भीती अंधारात वाढते, हे त्यांना ठाऊक होतं.

आणि उघड बोलल्यानं काय होतं, तेही पाहा. ओसवालांनी तक्रार केली आणि पोलिसांना ५ कोटी २५ लाख परत मिळवता आले. हरियाणातल्या अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्याचे कोटभर रुपये गेले. त्यातल्या आजींनी सरन्यायाधीशांनाच पत्र लिहिलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबरला देशभरातल्या अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे दिला. आजींनी लाज बाळगली नाही, म्हणून हे झालं.

तक्रारीचा नंबर १९३०. पैसे काही मिनिटांत भाड्याच्या खात्यांतून पुढं सरकतात, म्हणून पहिला तास लाखमोलाचा. मध्येच कुठं रक्कम अडली, तर गोठवता येते. तुमचा तो तास हातचा गेला, कारण त्या तासात तुम्हाला आमची भीती वाटली. "एवढे शिकलेले आणि असे कसे फसले?" हे वाक्य आम्हा पोरांच्या जिभेवर असतं आणि म्हातारी माणसं ते दुरूनच ऐकतात. हा दोष आमचा आहे. ज्यांच्या घरी आई-वडील आहेत त्यांनी आज रात्री जेवताना एवढंच सांगावं: काहीही झालं तरी आधी आम्हाला फोन करा, आम्ही रागावणार नाही. आणि तो शब्द पाळावा.

गुरुजी, तुमची तक्रार अजून नोंदवलेली नाही, असं काकू म्हणाल्या. आपण दोघं मिळून करू. सगळे पैसे परत येतील, असं खोटं आश्वासन देत नाही. पण १ तारखेला पेन्शनच्या रांगेत तुमच्या मागे-पुढे उभ्या असलेल्यांपैकी कुणाला तरी उद्या तोच फोन येणार आहे. तुमच्या तोंडून ऐकलेली गोष्ट त्याला वाचवेल. पोलिसांच्या पत्रकापेक्षा इथं गुरुजींचा शब्द जास्त चालतो.

रविवारी सकाळी येतो. येताना तक्रारीसाठी कोरी वही आणतो. मागच्या वेळी दार काकूंनी अर्धं उघडलं होतं. या वेळी तुम्ही उघडा, पूर्ण. चुकलं ते सांगा. मग दोघं मिळून दुरुस्त करू.

तुमचाच,
चौथीतला एक विद्यार्थी