डोंगरीची टेकडी कुठे गेली?

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या पूर्वेला, पी. डिमेलो रस्त्याच्या अंगाला, सेंट जॉर्ज रुग्णालय आहे. त्या आवारात एक जुनी, भक्कम दगडी भिंत उभी आहे आणि तिच्या आडोशाला राज्याच्या पुरातत्त्व खात्याचं कार्यालय. फोर्ट जॉर्जचं एवढंच उरलंय. मी भिंतीला हात लावला, पण मला ओढ होती तिच्याआधी नाहीशा झालेल्या टेकडीची.

मुंबईच्या टेकड्या खाड्या बुजवायला गेल्या, असं आपण सरसकट म्हणतो. डोंगरीची टेकडी मात्र भीतीपोटी गेली. १६८९ मध्ये औरंगजेबाच्या बाजूनं लढणारा जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान शिवडीला उतरला, त्यानं माझगावचा किल्ला घेतला आणि डोंगरीवर तोफा चढवून इंग्रजांच्या कोटावर मारा सुरू केला. गव्हर्नर सर जॉन चाइल्ड आत कोंडला गेला. इंग्रजांनी औरंगजेबाची माफी मागून दीड लाख रुपये दंड कबूल केला, तेव्हा कुठे १६९० च्या जूनमध्ये सिद्दी हलला. जाताना माझगावचा किल्ला उद्ध्वस्त करून गेला.

शहराच्या डोक्यावरची ही उंच जागा शत्रूच्या हाती लागली तर काय होतं, ते इंग्रजांनी तेव्हा भोगलं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि मुंबईच्या पोटात पुन्हा गोळा आला; कोटाभोवती खंदक खणायला व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपये दिले. अखेर टेकडीच सपाट केली गेली आणि १७६९ मध्ये फोर्ट जॉर्ज उभा राहिला. नाव राजा तिसऱ्या जॉर्जचं.

आणि हा किल्ला टिकला किती? शंभर वर्षंही नाही. १८६२ मध्ये सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर झाला. मुंबईवर चालून येणारं कुणी उरलं नव्हतं. गर्दीनं कोंडलेल्या शहराला तटबंदी नकोशी झाली होती. त्यानं तट पाडायला लावले. टेकडी देऊन मिळवलेला किल्ला असा गेला, याची मला मनापासून हळहळ वाटते. किल्ला पुन्हा बांधता येतो. डोंगर कोण बांधणार?

तिथून मी माझगावला गेले. सिद्दीनं किल्ला पाडला ती भंडारवाड्याची टेकडी अजून जागेवर आहे. माथ्यावर जलाशय आणि टिळकांचे सहकारी काका बॅप्टिस्टा यांच्या नावाची बाग. पायऱ्या चढताना थोडा दम लागतो. वरून गोदी, रेल्वेचे रूळ, बंदर, सगळं दिसतं. डोंगरीवरून सिद्दीच्या गोलंदाजांना कोट किती उघडा दिसला असेल, ते समजायला इथेच यावं.